शी अडवून धरणारं लेकरू आणि जूनमधली शाळा

पत्र : ताई, नमस्कार. आम्ही लातूरला राहतो. माझा मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा आहे. दिवाळीनंतर तो शू सांगायला लागला होता, दिवसाचं डायपर सुटलंच होतं म्हणा ना. फेब्रुवारीत मला मुलगी झाली आणि सगळं बिघडलं. आता दिवसातून चार-पाच चड्ड्या ओल्या होतात. शीचं तर विचारूच नका. तीन-तीन, चार-चार दिवस करत नाही. मग कपाटामागं जाऊन उभा राहतो, लालबुंद होतो, जवळ गेलं की ओरडतो. शेवटी डायपर घाला म्हणतो, त्यातच करतो, खडा होतो, रडतो. संडासात बसवलं की अंग ताठ करतो. सासूबाई म्हणतात, माझी चारही लेकरं वर्षाच्या आत सांगत होती, हे सगळं तुमच्या डायपरमुळं. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, धुण्याचा ढीग बघून त्याही वैतागतात. जाऊबाई म्हणाल्या दुपारनंतर पाणी कमी द्या, तेही करून पाहिलं. जूनमध्ये प्लेग्रुपला घालायचंय आणि तिथल्या मॅडमनी डायपरचं मूल घेणार नाही म्हणून सांगितलंय. परवा त्यानं चड्डीत केली तेव्हा ह्यांनी त्याला धपाटा घातला. तो मुद्दाम करतोय का? आणि जूनपर्यंत हे सुटेल का? – एक वाचक

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न आधी घेते. तुमचा मुलगा मुद्दाम काहीही करत नाही. त्याला दुखतंय. कधीतरी एकदा खडा होऊन शी करताना त्याला फार दुखलं असणार, आणि तेव्हापासून ती वेळ आली की तो जिवाच्या आकांतानं ती अडवतो. शू सुटतेय तीही बहुतेक त्यामुळंच. म्हणून माझं सांगणं असं, की सवय लावण्याचं सगळं थोडे दिवस बाजूला ठेवा आणि आधी त्याचं पोट ताळ्यावर आणा. शी मऊ होत नाही तोवर भांडं, बक्षीस, रागावणं, काहीच लागू पडणार नाही.

कपाटामागं उभ्या असलेल्या त्याच्याकडे एकदा न बोलता, लांबून नीट बघा. घरात सगळ्यांना वाटतं तो कुंथतोय. पण त्याच्या टाचा उचललेल्या असतील, मांड्या एकमेकींवर दाबलेल्या, ढुंगण आवळलेलं, एका हातानं कपाटाची कड घट्ट धरलेली आणि कपाळावर घाम. ज्याला करायचीच असते ते लेकरू आपोआप खाली बसतं, गुडघे पोटाशी घेतं. हा उभा राहतो, कारण आलेली कळ तो परतवून लावतोय. दोन-चार मिनिटांत ती कळ जाते आणि तो काही झालंच नाही असा खेळायला येतो. घरातले म्हणतात, बघा, नाटकं करत होता. नाटक नसतं हो ते. त्या दोन मिनिटांत तो फार घाबरलेला असतो.

आता आत काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचे उपाय का सांगतेय ते लक्षात येईल. मोठ्या आतड्याचं कामच पाणी शोषून घ्यायचं. शी जितके दिवस आत राहील तितकी ती कोरडी, मोठी आणि कडक होत जाते. मग ती बाहेर पडताना आणखी दुखतं, कधी बारीक चीर पडते, रक्ताची रेघ दिसते, आणि पुढच्या वेळी लेकरू आणखी घट्ट अडवतं. असं महिनोन्‌महिने चाललं की शी साठते तो शेवटचा भाग, म्हणजे गुदाशय, ताणून सैल झालेल्या इलॅस्टिकसारखा होतो. तो भरलाय हे लेकराला कळेनासं होतं. कडक गोळ्याच्या कडेनं पातळ शी झिरपते आणि चड्डीला डाग लागतात. आईला वाटतं जुलाब झाले, बापाला वाटतं आळशी झालाय. खरं तर आत गच्च भरलेलं असतं.

आणि शूचं म्हणाल, तर मूत्राशय त्याच्या अगदी पुढ्यात असतं. एवढ्याशा ओटीपोटात मागून गोळ्याचा दाब आला की मूत्राशयाला पुरेशी जागा मिळत नाही, ते नीट रिकामंही होत नाही. मग लेकराला अचानक लागते आणि मोरीपर्यंत पोहोचायच्या आत सुटते. लहान मुलांची पोटं साफ व्हायला लागली की चड्ड्या ओल्या होणं आपोआप कमी होतं, हे डॉक्टर मंडळी नेहमी बघतात.

त्यामुळं पाणी तोडणं आजपासून बंद करा. जाऊबाईंनी चांगल्या मनानं सांगितलं असेल, पण लातूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात अडीच-पावणेतीन वर्षांच्या लेकराचं पाणी कमी करणं घातक आहे. शी अजून कडक होते, लघवी दाट होऊन जळजळते, जंतुसंसर्ग व्हायला वाव मिळतो. सकाळपासून त्याला दिसेल अशा जागी त्याचा छोटा तांब्या-पेला ठेवा आणि हवं तेव्हा पिऊ द्या.

या आठवड्यात त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलीच्या लसीसाठी जायचंच असेल तर त्याच फेरीत दाखवून घ्या, पण महिनाभर थांबू नका. बहुतेक डॉक्टर शी मऊ करणारं औषध देतात, लॅक्टुलोजचं पातळ औषध किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. वजनाप्रमाणं मात्रा तेच ठरवतील. ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात, त्यांची आतड्याला सवय लागत नाही. इथं घरोघरी होणारी गडबड अशी, की चार दिवसांत शी मऊ झाली की बाटली फडताळात जाते, पंधरा दिवसांनी पुन्हा खडा, पुन्हा रडारड. ताणलेलं आतडं मूळ जागी यायला वेळ लागतो. औषध निदान दोन महिने, कित्येकदा त्याहून जास्त घ्यावं लागतं आणि डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायचं असतं. घरात कुणी विड्याच्या पानाचा देठ तेल लावून घाल, साबणाची वडी लाव, एरंडेल पाज म्हणालं तर कृपा करून करू नका. ज्या जागेला हात लागेल या भीतीनं तो आधीच आवळून बसलाय, तिथंच पुन्हा काही घातलं तर भीती दुप्पट होईल. एरंडेलानं पोटात कळा येतात.

डॉक्टरांना काही गोष्टी आपणहून सांगा. जन्मल्यावर पहिली काळी शी अठ्ठेचाळीस तासांनंतर झाली होती का, पोट सतत फुगलेलं असतं का, वजन वाढत नाही का, लघवीची धार बारीक आहे का, लघवी सारखी थेंब थेंब गळते का, लघवी करताना रडतो का, कारण न कळता ताप येतो का. यांतलं काही असेल तर तपासण्या कराव्या लागतात. नेहमी कोरड्या राहणाऱ्या लेकराला अचानक खूप तहान लागू लागली, लघवी भरपूर होऊ लागली आणि अंग उतरू लागलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं, कारण ती लहान मुलांच्या मधुमेहाची लक्षणं असू शकतात. तुमच्या पत्रावरून यातलं काही दिसत नाही. तरी विचारून मोकळं व्हावं.

खाण्यापिण्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, पण बाळंतिणीच्या घरात थोरल्या लेकराचं पोट बरेचदा दूध आणि बिस्किटाच्या पुड्यावर भरतं, कारण तेच पटकन हातात देता येतं. तसं असेल तर दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर जाऊ देऊ नका, बाटली असेल तर ती सोडवा. दुधानं पोट भरलेलं लेकरू भाकरीकडं बघत नाही. आपल्याकडची ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, वर तुपाची धार, याहून चांगलं त्याच्यासाठी काही नाही. वरणातच मेथी, पालक, शेपू शिजवा, वेगळी पालेभाजी म्हणून ताटात ठेवली तर तो बाजूला सारेल. पपई, पेरू, मोसंबीच्या फोडी द्या, रस काढून चोथा टाकून देऊ नका. भिजवलेले काळे मनुके कुस्करून द्या, अख्खे नकोत, घशात अडकतात. मे महिन्यात केसर आंबा येतोच. मैद्याचं, पाकिटातलं जितकं घरात कमी येईल तितकं बरं.

शी मऊ होऊन आठ-दहा दिवस न दुखता झाली की बसवायला सुरुवात करा. जेवण झालं की वीस मिनिटं ते अर्ध्या तासात आतडं स्वतःच हालचाल करतं, तीच वेळ धरायची. सकाळच्या नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. संडासाच्या भांड्यावर एवढ्यात बसवू नका. ते मोठं भोक, पाण्याचा आवाज, पाय फाकवून तोल सांभाळणं, लहान मुलं त्याला खरंच घाबरतात. बाजारात प्लास्टिकचं बुटकं भांडं मिळतं, ते आणा. बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले पाहिजेत. उकिडवं बसल्यावर गुदाशयाभोवतीचा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. तुमच्या घरी कमोड असेल आणि त्यावर छोटी सीट ठेवून बसवत असाल, तर पायाखाली पाट ठेवा. लोंबकळत्या पायांनी कुणालाच जोर लावता येत नाही.

त्या पाच मिनिटांत ‘कर, कर, जोर लाव’ म्हणू नका. त्याच्या हातात पिपाणी द्या. सिद्धेश्वराच्या जत्रेतली एखादी घरात पडलेली असेलच, नसेल तर फुगा द्या. फुंकताना पोटाचा दाब खाली येतो आणि खालचे स्नायू सैल पडतात, आवळून धरायचं लेकरू विसरून जातं. झाली तर ‘केलीस का? बरं वाटलं का पोटाला?’ एवढंच म्हणा. नाही झाली तर चड्डी घालून खेळायला पाठवा. घरभर टाळ्या, पेढे, व्हिडिओ काढून आत्याला पाठवणं हे सगळं नको, कारण मग ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी त्याला आपण हरलो असं वाटतं.

तो शीपुरतं डायपर मागतो ना, तर द्या. हे वाचून सासूबाई रागावतील, पण अडवून धरण्यापेक्षा डायपरमध्ये केलेली शी शंभर पटीनं बरी. अट एवढीच घाला, की डायपर घालून करायची ती मोरीत किंवा संडासाच्या दाराशी जाऊन. तिथं तो रुळला की डायपर घालूनच भांड्यावर बसायचं. मग डायपर सैल बांधायचं. मग उघडून नुसतं भांड्यात अंथरायचं. एकेका पायरीला आठवडा लागू दे. तो एखाद्या पायरीवर अडला तर मागच्या पायरीवर परत या, त्याला दोष न देता. केलेली शी डायपरसकट घंटागाडीत टाकू नका. आधी त्याच्यासमोर संडासात टाका, पाणी ओता, मग डायपर गुंडाळून कचऱ्यात. लेकराच्या शीचा काय विटाळ असं आपण म्हणतो, पण तिच्यात जंतू मोठ्यांच्या शीइतकेच असतात, आणि घरात दोन-अडीच महिन्यांची मुलगी आहे. तुमचे हात आणि त्याचेही हात, दर वेळी साबणानं.

सासूबाईंविषयी. त्या खोटं बोलत नाहीत, हे आधी मान्य करा. त्यांच्या काळी लेकरू मान धरायला लागलं की सकाळी उठल्याबरोबर, दूध पाजल्यावर, मोरीच्या कडेला दोन पाय लांब करून त्यावर बसवायचं आणि ‘शूऽऽ’ असा आवाज करायचा. लेकराच्या चेहऱ्यावरून, अंग चोरण्यावरून बाईला कळायचं. ही खरी विद्या आहे. पण त्यात वेळ ओळखायचं काम मोठ्या माणसाचं असतं, घरात तीन-चार बायका असायच्या आणि पोर दिवसभर उघड्या ढुंगणानं अंगणात फिरायचं. आपली आपण जाणीव होणं, थोडा वेळ धरणं, सांगणं, चालत जाणं, चड्डी काढणं, हे सगळं एकत्र जमायला बहुतेक मुलांना दोन ते साडेतीन वर्षांपर्यंतचा काळ लागतो. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रॅझल्टन यांनी १९६२ साली ११७० मुलांची माहिती मांडली होती, त्यात दिवसाची सवय पक्की होण्याचं सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने होतं, आणि तेव्हा आजच्यासारखी सगळं शोषून घेणारी डायपरं नव्हती. सासूबाईंचा डायपरवरचा राग अगदीच चुकीचा नाही. आजच्या डायपरात लेकराला ओलं लागतच नाही, मग झालेलं कळणार कसं? म्हणून दिवसा शूसाठी डायपर नको, सुती चड्डी किंवा नुसतं झबलं. चड्ड्या दोन तासांत वाळतात असा उन्हाळा आपल्याकडं आहेच, त्याचा फायदा घ्या. आणि नातवाला बसवताना गोष्ट सांगायचं काम सासूबाईंकडं द्या. त्यांना आपलं कुणी ऐकत नाही असं वाटत असेल, तेही कमी होईल.

पाण्याची चणचण मी हलक्यात घेत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव तुमचं, तिथं चड्डी धुवायला काढलेल्या प्रत्येक बादलीचा हिशेब मनात होतोच. गादीवर रबरी शीट टाकून वर जुन्या सुती लुगड्याची चौघडी अंथरा, म्हणजे धुवायची ती फक्त चौघडी. मुलीच्या आंघोळीचं पाणी बादलीत धरून ठेवा आणि शूच्या चड्ड्या आधी त्यात खळबळून काढा, साबणाचं पाणी एकदाच लागेल. शी लागलेली चड्डी मात्र त्या बादलीत नको. धुण्याच्या ढिगाचा राग लेकरावर निघू नये म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं.

धपाट्याबद्दल तुमच्या घरच्या मालकांना हे पत्र वाचायला द्या. तेही दमलेले असतील, घरात तान्हं आहे, रात्रीची झोप नाही. पण शीसाठी मार खाल्लेलं लेकरू दुसऱ्या दिवसापासून आणखी लपून करतं, आणखी अडवतं, आणि औषधानं मिळवलेलं सगळं वाया जातं. ‘चटका देईन’, ‘छी, घाण्या’ हेही नको, पाहुण्यांसमोर तर मुळीच नको. त्यापेक्षा रात्रीच्या जेवणानंतरचं बसवणं वडिलांनी करावं, ढुंगणही त्यांनीच धुवावं. मुलगी आल्यापासून तो आईला वाटून घेतोय. दिवाळीत जमलेलं फेब्रुवारीनंतर सुटलं, त्यात या दुःखाचा वाटा असणारच. धाकटं भावंड आल्यावर बरीच मुलं अशी मागं जातात. दिवसातून पंधरा मिनिटं मुलीला आजीकडं देऊन तो एकटाच तुमच्या मांडीवर असू द्या, आणि त्या वेळात शी-शूचा विषय काढू नका.

रात्रीचं डायपर चालू ठेवा. रात्र कोरडी राहणं हे शिकवून येत नाही, शरीर तयार व्हावं लागतं. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होण्याला आजार म्हणत नाहीत. ते घराण्यातही चालत येतं, त्यामुळं सासूबाईंना विचारा, त्यांचा मुलगा कितव्या वर्षापर्यंत अंथरूण ओलं करायचा.

आता जूनचं. औषध वेळेवर सुरू झालं आणि घरातली ओरड थांबली तर शूचं जूनपर्यंत बरंच सुधारेल असं मला वाटतं. शीचं वचन मी देणार नाही, त्याला जास्त वेळ लागू शकतो, आणि मध्ये एखादा ताप, एखादं लग्न, एखादा प्रवास आला की आठवडाभर पुन्हा मागं जाईल. तेव्हा औषधाची मात्रा डॉक्टरांना विचारा आणि आधीचंच सगळं पुढं चालू ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज शी झाली की नाही, कडक की मऊ, एवढी खूण करत जा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

प्लेग्रुपच्या मॅडमना मात्र आत्ताच भेटा, प्रवेशाच्या दिवशी नको. त्याला बद्धकोष्ठतेचं औषध चालू आहे, शीसाठी तो शाळेत बहुतेक अडवेल, शूला मात्र दर दीड-दोन तासांनी न्यायला लागेल, हे स्पष्ट सांगा. शाळेचा संडास त्याला आधी दाखवून आणा, तिथल्या मावशींची ओळख करून द्या, पिशवीत दोन जादा चड्ड्या द्या. शाळेत ओली झाली म्हणून त्याला कुणी हसणार नाही ना, हे मॅडमना विचारा, आणि त्यांचं उत्तर नीट ऐका. ते पटलं नाही, किंवा त्या नाहीच म्हणाल्या, तर पैसे भरू नका. ऑगस्टमध्ये तो तीन वर्षांचा होईल, तोवर तुमच्या भागातल्या अंगणवाडीत चौकशी करून ठेवा, नाहीतर दिवाळीनंतर याच शाळेत पुन्हा विचारा.